धरण, पाट आणि ग्रंथपेटी

प्रवरा नदीच्या उगमाजवळ, कळसूबाई आणि रतनगड यांच्या डोंगररांगांत, भंडारदरा येथे धरणाच्या बांधकामास १९१० साली प्रारंभ झाला. काम दीर्घकाळ चालले आणि १९२६ साली मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे २७० फूट उंचीची ही दगडी भिंत आपल्यामागे अकरा अब्ज घनफूट पाणी अडवून धरते. परंतु कोणत्याही धरणाचे खरे मोल त्याच्या साठ्यावर ठरत नाही. ते त्याच्या पाटांवर ठरते. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेले प्रवरेचे डावे आणि उजवे कालवे जेथवर पोहोचले, तेथवर ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकाराला भूमी मिळाली. पाट जेथे गेले नाहीत तेथे मात्र काहीच बदलले नाही. धरणाच्या काठावरील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांनी तर डोळ्यांसमोर अथांग पाणी असताना उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट केली. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण या मुलखात अनुभवाने खरी ठरली आहे.

भंडारदऱ्याचे काम सुरू झाले त्याच १९१० साली बडोदे संस्थानात दुसऱ्या प्रकारच्या पाटबंधाऱ्याचा पाया घातला जात होता. तेथे साठवायचे होते ग्रंथ आणि खोदायचे होते गावोगावी जाणारे वाचनाचे पाट. त्या योजनेचे जनक होते श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड. समाजसुधारक राजा, विद्वानांचा आश्रयदाता, ब्रिटिश सत्तेपुढे न वाकणारा संस्थानिक अशा अनेक नात्यांनी त्यांचे स्मरण केले जाते. तथापि सामान्य माणसाच्या हाती आयुष्यभर पुस्तक राहावे यासाठी त्यांनी जी यंत्रणा उभी केली, तिचे महत्त्व महाराष्ट्राने अद्याप पुरतेपणी ओळखलेले नाही. गावोगावी ग्रंथोत्सव भरू लागले असताना त्या यंत्रणेचा विचार करणे अगत्याचे आहे.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या गावी झाला. नाव गोपाळ. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील, घर शेतकऱ्याचे. १८७५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि दिवंगत खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा दिली. कवळाण्याच्या मुलांमधून गोपाळची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन तो बडोद्याच्या गादीचा वारस झाला. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि त्याची अक्षरओळख जेमतेमच होती.

या घटनेतील अद्भुतता नेहमी सांगितली जाते. परंतु पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या वयात खेड्यातील बहुतेक मुलांचे शिक्षणाचे दार कायमचे बंद होत असे, त्या वयात या मुलासाठी ते उघडले गेले. एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा सयाजीरावांनी सहा वर्षांत आत्मसात केल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

शिक्षक दूर झाल्यावर अनेकांचे वाचनही थांबते. सयाजीरावांचे वाचन तेथून खऱ्या अर्थाने सुरू झाले. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील विस्तृत ग्रंथावर त्यांनी टिपणे काढली आणि ती १८९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बारा वर्षांपर्यंत अक्षराला जवळजवळ पारखा असलेला मुलगा प्रौढपणी इतका वाचनवेडा होऊ शकतो, याचा पुरावा त्यांना अन्यत्र शोधावा लागला नाही. वाचनाची गोडी रक्तातून येत नाही, वर्णातूनही येत नाही. ती संधी आणि सवय यांतून येते, ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या आयुष्याने सिद्ध केली होती. त्यांची पुढील सर्व शैक्षणिक धोरणे या एका प्रतीतीवर उभी आहेत.

शाळेनंतर काय?

राज्याधिकार मिळताच सयाजीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी शाळा काढल्या. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये कायद्याने तो सबंध संस्थानाला लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये मांडले व ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. हे ध्यानात घेतले म्हणजे बडोद्याचे पाऊल किती पुढचे होते याची कल्पना येते.

परंतु सक्तीच्या शिक्षणाबरोबर एक नवी अडचण उभी राहिली. मुलगा चार इयत्ता शिकून शाळेबाहेर पडतो, नांगर धरतो किंवा हातमागावर बसतो आणि त्यानंतर त्याच्या दृष्टीस छापील कागद पडत नाही. काही वर्षांत शिकलेली अक्षरे पुसट होतात आणि सरकारने त्याच्यावर केलेला खर्च वाया जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शाळा ही भांडवली गुंतवणूक आहे आणि पुस्तकांचा अखंड पुरवठा हा त्या भांडवलाची झीज भरून काढणारा खर्च आहे. पहिला खर्च करून दुसरा टाळणारा देश आपले भांडवल स्वतःच्या हाताने गंजू देतो. सयाजीरावांना हे उमगले होते. म्हणूनच ग्रंथालय त्यांनी शिक्षणाची शोभा मानले नाही. ते शिक्षणाचा उत्तरार्ध मानले.

१९०६ च्या अमेरिका प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. आपल्याकडे त्या वेळी ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे आणि नाशिकचे १८४० चे. परंतु या जुन्या संस्था वर्गणीदारांच्या होत्या. वर्गणी भरू शकणारा, शहरात राहणारा आणि आधीच वाचणारा मनुष्य हा त्यांचा वाचक. जो वाचत नाही त्याला वाचायला लावणे हे त्यांचे काम नव्हते. सयाजीरावांना नेमके तेच करायचे होते. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना त्यांनी पाचारण केले आणि १९१० मध्ये बॉर्डन बडोद्यात दाखल झाले.

पेटी निघाली गावाकडे

बॉर्डन तीन वर्षे बडोद्यात होते. या अल्पावधीत स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे राहिले. राजवाड्यातील सयाजीरावांच्या खाजगी संग्रहाची सुमारे वीस हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला देण्यात आली आणि ते सर्वांस विनामूल्य खुले झाले. राजाने आपले पुस्तकांचे कपाट रयतेसाठी उघडावे, ही घटना हिंदुस्थानात तरी अपूर्वच होती. मुलांसाठी वेगळे दालन झाले, स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था झाली. १९११ मध्ये ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. देशातील असे ते पहिलेच वर्ग होत. पुस्तके जपणारा राखणदार आणि पुस्तके लोकांच्या हाती देणारा ग्रंथपाल यांतील फरक तेथे प्रथम शिकवला गेला.

या सर्व योजनेचा प्राण मात्र राजधानीतील इमारतीत नव्हता. तो होता एका साध्या लाकडी पेटीत. पंधरा ते तीस पुस्तके मावतील अशा पेट्या तयार करण्यात आल्या. ज्या गावात ग्रंथालय नाही त्या गावातील शिक्षकाने किंवा एखाद्या जबाबदार व्यक्तीने मागणी करावी आणि मध्यवर्ती खात्याने पेटी पाठवावी, असा क्रम होता. गावाला त्यासाठी काही द्यावे लागत नसे. नेण्या-आणण्याचा खर्चही संस्थान करी. वाचून झाल्यावर ती पेटी परत जाई आणि नव्या पुस्तकांची दुसरी पेटी येई. जेथे अक्षर न येणारेच अधिक, तेथे चित्रदर्शन विभागाची माणसे मॅजिक लँटर्न आणि सिनेमायंत्र घेऊन जात. चित्राने कुतूहल जागे करावे आणि पुस्तकाने ते पुरे करावे, असा त्यामागील हेतू होता.

पेटी हे फक्त आरंभाचे साधन होते. गावाने स्वतःचे ग्रंथालय काढावे यासाठी सयाजीरावांनी जी अनुदानपद्धती घालून दिली, ती आजच्या नियोजनकारांनीही अभ्यासावी अशी आहे. गावाने ठराविक रक्कम जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच संस्थानने. इमारतीसाठीही हेच तत्त्व होते. गावाचा एक रुपया असा तीन रुपयांचे काम करी. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी अनास्था असते आणि सर्व भार एकट्याने उचलणे गरीब गावाला अशक्य असते. या दोन्ही अडचणींतून काढलेला हा मध्यममार्ग होता. ग्रंथालय सरकारचे न राहता गावाचे झाले, कारण त्यात गावाचा पैसा होता.

अर्थात राजाज्ञेने आणि पैशानेच हे घडले असे समजणे चूक ठरेल. चरोतर भागात मोतीभाई अमीन या शिक्षकाने खात्याच्या स्थापनेपूर्वीच गावोगावी वाचनालये काढण्याची चळवळ चालवली होती. सयाजीरावांच्या सरकारने त्यांना प्रतिस्पर्धी न मानता आपल्या खात्यात सामावून घेतले. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थाने खात्याची धुरा वाहिली. लायब्ररी मिसेलनी या नावाचे त्रैमासिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांतील मजकुरासह निघू लागले. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत लिहिले जाऊ शकते, हे महाराष्ट्राबाहेरच्या या नियतकालिकाने दाखवून दिले. सयाजीरावांच्या हयातीतच संस्थानातील ग्रंथालयांची संख्या हजारावर गेली होती.

एका पुस्तकाचा प्रवास

एवढ्या खटाटोपातून काय साधते, असे विचारणारे त्या काळीही होते. त्याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात मिळते. १९०७ साली मुंबईत भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याच्या अभिनंदनाच्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. हे चरित्र बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिले गेले होते. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने सयाजीरावांनी या विद्यार्थ्याला महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकण्यासाठी गेला. मॅट्रिकच्या वेळी हाती आलेल्या त्या एका पुस्तकाचा प्रवास १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत झाला, हे सर्वज्ञात आहे. योग्य वयात योग्य पुस्तक हाती पडण्याचे मोल कोणत्या हिशेबात धरावे?

परंतु याच कथेला दुसरी बाजूही आहे. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना राजधानीत राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर पडावे लागले, कचेरीत अवमान सोसावा लागला आणि अखेर ते मुंबईला परतले. ज्या राज्याची ग्रंथपेटी आडवळणाच्या गावात पोहोचत होती, त्या राज्याला आपल्याच शिष्यवृत्तीधारकासाठी राजधानीतील एक दार उघडता आले नाही. सयाजीरावांची इच्छा आणि त्यांच्या प्रजेची मनोवृत्ती यांत केवढे अंतर होते, हे यावरून दिसते. वाचनाने माणूस लगेच बदलतो असा भाबडा दावा म्हणून करता येत नाही. ग्रंथालय ही पिढ्यांनी फळणारी लागवड आहे. तिचे पीक एका हंगामात मोजणाऱ्याच्या पदरी निराशाच येणार.

उत्सव आणि उपसा

सयाजीराव ग्रंथोत्सवाचे विरोधक होते असे मात्र कोणी समजू नये. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने त्यांच्या कारकिर्दीत बडोद्यास भरली आणि १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः भूषविले. लेखक आणि वाचक समोरासमोर आले की पुस्तकाला चेहरा मिळतो. वाचन हा एकांतातील छंद न राहता समाजमान्य व्यवहार होतो. उत्सवाचे हे कार्य मोठे आहे. परंतु संमेलनाचा मंडप उतरल्यानंतरही त्यांच्या राज्यात पेटी फिरत राहत होती. उत्सवाने लागलेली तहान भागवण्याची सोय वर्षभर होती. सयाजीरावांचे मोठेपण या सातत्यात आहे. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले.

महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये केला. गावातील संस्थेने ग्रंथालय चालवावे आणि शासनाने अनुदान द्यावे, हे बडोद्याशी नाते सांगणारे तत्त्व त्यात आहे. परंतु अ, ब, क, ड अशा वर्गवारीत ज्याचा संग्रह मोठा त्याचे अनुदान मोठे, असा क्रम पडला. ज्या गावात अद्याप काहीच नाही, त्याचा या क्रमात प्रवेशच अवघड होऊन बसतो. भरलेल्या तळ्याकडे आणखी पाणी वळवण्यासारखेच हे आहे. दुसरीकडे उत्सवांची संख्या वाढते आहे. अहमदनगरने १९९७ मध्ये साहित्य संमेलन पाहिले. २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातील भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. २०२३ पासून पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा महोत्सव भरतो आणि तेथे तरुणांची रीघ लागते. हे दृश्य आनंददायकच आहे. मोबाइलच्या काळात पुस्तके संपली, अशी हाकाटी करणाऱ्यांना ते परस्पर उत्तरही आहे. परंतु या मैदानापर्यंत येण्याचे गाडीभाडे ज्याच्यापाशी नाही, त्या वाचकाचे काय?

भंडारदऱ्याच्या परिसरात मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर झाडे काजव्यांनी लखलखतात. हजारो प्रवासी मुंबई-पुण्याहून ते पाहायला येतात. पहिला मोठा पाऊस झाला की तो प्रकाश मावळतो, गाड्या परततात आणि घाटघर-रतनवाडीच्या वाटेवर काळोख पसरतो. वर्षातून एकदा होणारा ग्रंथोत्सव वर्षभराच्या व्यवस्थेशी जोडला गेला नाही, तर त्याची गत याहून निराळी होत नाही. पुस्तके विकत घेऊ शकणारा ती घेऊन घरी जातो. न घेऊ शकणारा मुखपृष्ठे न्याहाळून परततो.

वास्तविक बडोद्याची पेटी आज पुन्हा सुरू करणे मुळीच अवघड नाही. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीने जे साधले, ते एस.टी.च्या गाडीने आणि टपालाने सहज साधेल. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या प्रत्येक ग्रंथोत्सवाने आपल्या खर्चाचा काही भाग अशा पेट्यांसाठी बाजूला काढावा. अकोले तालुक्यातील आश्रमशाळांत त्या पेट्या दर तीन महिन्यांनी बदलत राहाव्यात. सुट्टीत मुले घरी जातील तेव्हा एकेक पुस्तक त्यांच्या पिशवीत जावे. पुस्तक हरवेल, फाटेल, भिजेल. तो तोटा खर्चात धरावा, कारण कपाटात कुलूपबंद राहिलेल्या पुस्तकाचा तोटा त्याहून मोठा असतो. गावाने रुपया काढला तर पंचायतीने आणि शासनाने एकेक रुपया घालावा. या कामासाठी नव्या कायद्याची किंवा मोठ्या इमारतीची आवश्यकता नाही. पेटीची मागणी करणारा एक शिक्षक, तिची नोंद ठेवणारा एक कारकून आणि सुट्टीत गावी आल्यावर लहानांना वाचून दाखवणारा एक विद्यार्थी एवढी माणसे प्रत्येक गावात असतात.

कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी अक्षरांकडे वळला, कारण एका दैवयोगाने त्याच्यासाठी दार उघडले. तो दैवयोग इतरांच्या वाट्याला येणार नाही हे ओळखून त्याने त्याचे रूपांतर नियमात केले. भंडारदऱ्याच्या काठावरच्या मुलांना बारा वर्षांच्या आत पुस्तक भेटणे हेही दैवयोगावर सोपवून चालणार नाही. पाणी डोंगरात अडते आणि मैदानात पोहोचते. ग्रंथ मात्र मैदानात साचले आहेत आणि त्यांचा पाट डोंगराकडे चढवायचा आहे. तो चढवण्याचे तंत्र बडोद्याने १९१० मध्येच दाखवून दिले आहे.